यंत्राचा पासंग

आश्विन लागला की जालन्याच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे ढीग दिसू लागतात. पावसाने अजून पाठ सोडलेली नसते, शेतकऱ्याला दिवाळीची निकड असते आणि मळणी होऊन चार दिवसही न झालेला माल थेट गाडीत भरून येतो. पूर्वी आडतीवरची जुनी माणसे पोत्यात हात खुपसून, दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगत. आता ते काम हातात मावणारे एक यंत्र करते. वाटीभर दाणे आत ओतायचे, कळ दाबायची, आकडा उमटतो : चौदा. शेतकरी म्हणतो, गावातल्या यंत्राने बारा दाखवले होते. खरेदीदार म्हणतो, यंत्र खोटे कशाला बोलेल? त्या यंत्राच्या पोटात काय चालते हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते, आणि सौदा मात्र त्याच्या शब्दावर ठरतो.

बारा आणि चौदा यांतले अंतर किती, याचा हिशेब व्यापारी घरातल्या मुलाला सहज करता यावा. १२ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८८ किलो. १४ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८६ किलो. ८६ला ८८ने भागले तर कळते की ओला क्विंटल हा कोरड्या हिशेबाने सुमारे ९७.७ किलोच आहे. म्हणजे क्विंटलमागे सव्वादोन किलोंहून थोडे अधिक पाणी. भाव ४,५०० रुपये धरला तर हे शंभर रुपयांच्या घरात जाते आणि शंभर क्विंटलांच्या गाडीमागे दहा हजारांच्या. माल खरोखरच ओला असेल तर ती रक्कम खरेदीदाराने सोडण्याचे कारण नाही. पण यंत्रच दोन अंशांनी चुकत असेल, तर ती रक्कम कोणाच्या तरी खिशातून विनाकारण गेली. शासकीय हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा रूढ आहे. २०२४च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा या दोन-तीन अंशांना किती वजन आहे हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. कापसातही भारतीय कापूस महामंडळाची खरेदी ८ ते १२ टक्क्यांच्या चौकटीत चालते.

तराजूच्या काळी अशी शंका फेडण्याची सोय होती. गिऱ्हाइकाला संशय आला तर तो म्हणे, "शेठजी, पारडी बदलून दाखवा." माल डाव्या पारड्यातून उजव्यात घातला की दांडीचा खोटेपणा उघडा पडे. प्रामाणिक दुकानदार आधीच हलक्या पारड्याला पासंग बांधून ठेवी आणि तो सर्वांच्या डोळ्यांसमोर लोंबकळत असे. इलेक्ट्रॉनिक यंत्र बंद पेटीत आले आणि पारडी बदलून पाहण्याची ही सोय गेली. मला या बदलाबद्दल तक्रार नाही. इलेक्ट्रॉनिक काटा तराजूपेक्षा कितीतरी अचूक आहे. परंतु ज्यांचा सारा व्यवसाय मोजमापावर उभा आहे, अशा घरांतून त्या पेटीचे झाकण उघडून पाहणारा एकही जण निघू नये, हे मात्र खटकते.

आपल्या घरांत वस्तूचा भाव सर्वांना ठाऊक असतो. कोणती वस्तू कुठे किती स्वस्त मिळेल हे आठवीतला मुलगाही सांगेल. ती वस्तू चालते कशी हा प्रश्न मात्र "आपले काम नव्हे" म्हणून बाजूला सारला जातो. एखाद्या मुलाने बंद पडलेला रेडिओ किंवा चार्जर खोलला की पहिले वाक्य येते, "अरे, नवा आणू, त्यात काय!" आणि मुलगी खोलू लागली तर याहून कडक वाक्य येते. प्रात्यक्षिक इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात करण्याचा विचार असेल, तर बाजारातला चमकदार खेळण्यांचा संच आणण्यापेक्षा आपल्याच पेढीवरचा एखादा प्रश्न घ्यावा, असे माझे मत आहे. संचातला दिवा लुकलुकतो, दोन दिवस कौतुक होते आणि डबा माळ्यावर जातो. ओलावामापक तसा माळ्यावर जात नाही, कारण त्याचे उत्तर घरात सर्वांनाच हवे असते.

या यंत्राचे तत्त्व कळायला कठीण नाही. धातूचे दोन पत्रे एकमेकांना न टेकवता समोरासमोर ठेवले की त्यांच्यात विजेचा थोडा साठा करता येतो. अशा जोडीला कपॅसिटर म्हणतात आणि साठवण्याच्या क्षमतेला धारिता. पत्र्यांच्या मध्ये हवा असेल तर धारिता अमुक एक. त्या जागी पाणी भरले तर ती सुमारे ऐंशीपट होते. कोरडे धान्य या दोहोंच्या मध्ये, पण हवेच्या बरेच जवळ, म्हणजे काही पटच. आता दाण्यात पाणी जितके अधिक, तितकी धारिता चढती. बाजारातली बहुतेक छोटी यंत्रे धारिता किंवा विजेला होणारा रोध यांपैकी एक मोजतात आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधतात. 'अंदाज' हा शब्द मी जाणून वापरतो आहे. यंत्र पाणी मोजत नाही. पाण्यामुळे बदलणारी दुसरीच एक गोष्ट मोजते.

घरी हे बांधायचे तर स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा आणि त्याच्या मधोमध उभा राहील असा उंच स्टीलचा पेला एवढ्याने पत्र्यांचे काम भागते. दोहोंत चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर अंतर राहावे, पेला लाकडी किंवा प्लास्टिकच्या चकतीवर बसवावा, आणि दाण्यांकडच्या बाजूंना व्हार्निशचा पातळ थर द्यावा, म्हणजे ओल्या दाण्यांतून वीज सरळ वाहून घोटाळा होणार नाही. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या अशा डब्याची रिकामी धारिता वीस पिकोफॅरडच्या आसपास भरते. दाणे भरले की ती वाढते.

एवढी सूक्ष्म राशी मोजायची कशी? इथे पाचशेपंचावन्न नावाची आयसी कामास येते. हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये ती रचली, पुढच्या वर्षी ती बाजारात आली आणि पन्नास वर्षे उलटली तरी अजून खपते आहे. व्यापाऱ्याने या एका गोष्टीसाठी तरी तिला मान द्यावा. तिला दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की ती ठरावीक गतीने ठोके देऊ लागते. धारिता वाढली की ठोके मंदावतात. योग्य रेझिस्टर निवडले आणि डब्याची धारिता ६० पिकोफॅरड असली तर सेकंदाला सुमारे २४,००० ठोके पडतात. ती ६६ झाली तर सुमारे २१,८००. दोन हजारांचा हा फरक मोजायला सोपा आहे. आपल्या डब्यासाठी याच आयसीचा ७५५५ हा कमी वीज घेणारा प्रकार बरा. ठोके मोजून पडद्यावर आकडा दाखवायला आर्डुइनोचे छोटे बोर्ड पुरते. इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ मध्ये अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते तयार झाले, आणि म्हणूनच वाणिज्य शाखेच्या मुलालाही ते जमते.

अर्थात पहिल्याच दिवशी हे हाती घेऊ नये. पहिला आठवडा एका एलईडीचा. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट घेते, उरले ७. प्रवाह १५ मिलिअँपिअर हवा असेल तर ७ भागिले ०.०१५, म्हणजे ४६७ ओहम. बाजारात ४७०चा रेझिस्टर मिळतो, तो लावावा. या एका भागाकारात ओहमचा नियम पुरता समजतो; तो पाठ करून परीक्षेत लिहिलेल्या कित्येकांना समजलेला नसतो. मग मल्टिमीटर वापरायला शिकावे. त्याच्या दोन टोकांनी घरातले प्रत्येक सेल, प्रत्येक चार्जर, प्रत्येक तुटकी वायर तपासून पाहावी. सोल्डरिंग त्यानंतर. तांबट भांड्याला डाख देतो तेच हे काम, फक्त बारीक; जोड चकचकीत आणि पसरट बसला तर पक्का, गोळी होऊन बसला तर कच्चा. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते, तेव्हा काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर, सोल्डरिंगची बंदूक किंवा साधी इस्त्री आणि किरकोळ भाग मिळून दोन हजार रुपयांच्या आत सुरुवात होते. पुण्याची बुधवार पेठ आणि मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता ही या मालाची जुनी ठिकाणे. तिथून माल कुरिअरने जालन्याला येतो.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर पहिली दोन वर्षे काहीही बांधू नये, सारे प्रयोग बॅटरीवर किंवा मोबाईलच्या चांगल्या चार्जरवर. मायक्रोवेव्ह भट्टी तर कधीच खोलू नये. वायर काढून ठेवल्यावरही तिच्यातला कपॅसिटर प्राणघातक साठा धरून असतो.

डबा तयार झाला, ठोके मोजले गेले, तरी ओलावा अजून कळलेला नसतो. माझ्या मते खरे शिक्षण इथून सुरू होते. २४,००० ठोके म्हणजे किती टक्के? हे यंत्राला आपणच शिकवायचे असते. त्यासाठी थोडे दाणे भरडून १० ग्रॅम नेमके तोलून घ्यावेत. आपल्या नात्यागोत्यात एखादी सराफी पेढी असतेच, तिथला काटा या कामी उत्तम. ते दाणे १०० ते १०५ अंश तापमानाच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवावेत. याला कित्येक तास लागतात. १० ग्रॅमचे ८.८ उरले तर ओलावा १२ टक्के. त्याच मालाचे न भरडलेले दाणे आपल्या डब्यात भरून ठोके टिपून ठेवावेत. असे निदान सहा-सात वेगवेगळ्या ओलाव्यांचे नमुने हवेत. ते हवे तसे तयारही करता येतात. १० टक्के ओलाव्याच्या १०० ग्रॅम दाण्यांना १४ टक्क्यांवर न्यायचे तर किती पाणी घालावे? झटकन उत्तर येईल, ४ ग्रॅम. ते चूक. कोरडा भाग ९० ग्रॅम, तो ८६ टक्के व्हायला हवा, म्हणजे एकूण वजन १०४.६५, पाणी घालायचे ४.६५ ग्रॅम. बंद बरणीत दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवले की ते दाण्यांत मुरते. कागदावर एका बाजूला ठोके, दुसऱ्या बाजूला टक्के असे बिंदू मांडून रेषा काढली की यंत्राला त्याचा पासंग मिळाला.

ही रेषा काढताना मुलाला जे दिसते ते कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाचे असते. सोयाबीनसाठी काढलेली रेषा तुरीला चालत नाही. दाणे हळुवार ओतले की एक आकडा येतो, डबा आपटून भरला की दुसरा; म्हणून दर वेळी सारख्याच वजनाचे दाणे सारख्याच उंचीवरून ओतावे लागतात. उन्हात तापलेल्या गाडीतला दाणा आहे त्याहून ओला भासतो आणि पहाटेच्या गारठ्यातला कोरडा. चांगली यंत्रे तापमान मोजून ही दुरुस्ती करतात, स्वस्तातली अनेक करत नाहीत. वर दव पडलेला माल तर यंत्राला पुरता चकवतो. डब्याजवळ नुसता हात नेला तरी आकडा हलतो. आता प्रारंभीचा वाद आठवून पाहा. गावातल्या यंत्राने बारा दाखवले आणि आवारातल्या यंत्राने चौदा, यात कोणी लबाड असायलाच हवे असे नाही. एका ठिकाणी दाणे सकाळी मोजले असतील, दुसऱ्या ठिकाणी दुपारी. ज्या पेढीवरच्या तरुणाने असा डबा एकदा स्वतः बांधला आहे, तो शेतकऱ्याला म्हणेल, "काका, माल थोडा सावलीत निवू द्या, मग दोनदा मोजू आणि दोन्हींची सरासरी धरू." हे वाक्य सुचण्यासाठी यंत्राचे पोट पाहिलेले असावे लागते.

घरी बांधलेल्या यंत्रावर सौदा करू नये, हेही स्पष्ट सांगतो. वजनकाट्याच्या बाबतीत तर कायदा अगदी निःसंदिग्ध आहे : २००९च्या वैधमापन कायद्यानुसार व्यापारातला काटा मान्यताप्राप्त नमुन्याचा असावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचे दर वर्षी मुद्रांकन करून घ्यावे लागते. मुलाने लोडसेल आणून घरी काटा बनवला तर कौतुक जरूर करावे, पण तो गल्ल्यासमोर मांडू नये. ओलावामापकाचेही तसेच. व्यवहार प्रमाणित यंत्रावर. घरचे यंत्र त्या यंत्राला समजून घेण्यासाठी, आणि ते भरकटू लागले आहे की काय याची कुणकुण लागण्यासाठी.

हा विचार काही मी नव्याने मांडतो आहे असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात दीर्घ नोकरी, आणि त्यानंतर पावसाची वानवा असलेल्या खेड्यात शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी ही संस्था. हाताने काम करता करता बुद्धी वाढते, आणि गावाचा खरा प्रश्न हेच उत्तम पाठ्यपुस्तक, हे त्यांचे सूत्र. तिथला मुलगा वेल्डिंगही शिकतो, शेळीपालनही आणि सर्किट जोडणेही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या साहाय्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली. संगणकाच्या हुकमावर चालणारी कापण्या-कोरण्याची यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्सची साधने तिथे गावकऱ्यांना खुली झाली. जगभर पुढे शेकडोंनी निघालेल्या अशा प्रयोगशाळांतली ही अगदी आरंभीची. तिथे विचारासाठी आलेल्या प्रश्नांत दुधाची प्रत मोजण्याचाही एक प्रश्न होता. आपले दूध डेअरीत नेणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा दर्जा आधी स्वतःच कळावा, ही गरज. आपल्या सोयाबीनच्या वादाची ती सख्खी बहीणच. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचे काम चालू आहे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. अंबड-घनसावंगीच्या मोसंबीवाल्यांना याचे वर्णन करून सांगायला नको. अंधारात, विंचवाकाट्यातून केवळ एक कळ दाबायला विहिरीवर जायचे. ओस्तवालांनी स्वतःच्या आजोबांचे असेच हाल पाहिले होते. पेशाने ते इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी पंपाच्या स्टार्टरला जोडायचे आणि साध्या मोबाईलवरून हुकूम घेणारे 'नॅनो गणेश' हे यंत्र बनवले. वीज आहे की नाही हे घरी बसून कळते, पंप घरूनच चालू-बंद करता येतो. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. जाता जाता एक गोष्ट. गावोगाव याच अडचणीवर 'ऑटो स्विच'चा उपाय चालतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. पण मग एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी उठतात, त्या धक्क्याने रोहित्र जळते आणि सारेच आठवडाभर अंधारात बसतात. वीज आल्यावर प्रत्येक पंपाने वेगवेगळ्या विलंबाने उठावे, एवढाच या दुखण्याचा उपाय आहे आणि विलंब साधणे हेच पाचशेपंचावन्नचे मूळ काम. बॅटरीवरच्या अभ्यासात पारंगत झालेल्या आणि परवानाधारक वायरमनला सोबत घेणाऱ्या तरुणासाठी हा पुढचा प्रश्न तयार आहे.

जालन्यातून शिकायचे कुठे? नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब दिल्या गेल्या आहेत. आपल्या मुलांच्या शाळेत ती आहे का, आणि असेल तर तिला कुलूप आहे का, हे पालकसभेत अवश्य विचारावे. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची नायलिट ही इलेक्ट्रॉनिक्सचीच संस्था आहे. साठ किलोमीटरचे अंतर, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येते. जालन्यातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. आणि सर्वांत जवळचा गुरू म्हणजे आपल्या गल्लीतला टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कारागीर. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर मुलाला त्याच्या दुकानी बसवावे. फी द्यावी, फुकट शिकवण्याची अपेक्षा करू नये. आणि शेठजींचा मुलगा म्हणून त्याला खुर्ची न मिळता स्टूल मिळाले तर मनाला लावून घेऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी करायचे ते थोडकेच आहे. गोदामाच्या माडीवर उजेडाची एक जागा, एक टेबल, कुलपाचा एक खण. महिन्याला पाचशे रुपयांची मोकळीक आणि जळलेल्या भागांचा हिशेब न मागण्याचे औदार्य. हंगामाच्या दोन महिन्यांत मुलाने पेढीवर बसावे हे योग्यच. पौषापासून आवार थंडावते, तेव्हा त्याला डबा बांधू द्यावा. त्याची रेषा पुरती व्हायला अक्षय्य तृतीया उजाडेल. पुढच्या आश्विनात पहिल्या गाडीतले पसाभर सोयाबीन त्याच्या डब्यात ओतावे, शेजारी पेढीचे प्रमाणित यंत्र ठेवावे आणि दोन्ही आकडे एका वहीत तारीखवार लिहायला सुरुवात करावी.